हळदीकुंकवाची भिंत अन् कोरा सोमवार

भाऊजी,

काल तुमची तेरवी झाली. वांग्याच्या भाजीत तुम्हाला आवडायचं तसंच तिखट घातलं होतं. पंगतीत सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. आता त्यातलं तुमच्यासाठी किती आणि भाजीमुळं किती, हे काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही असता तर पंगतीच्या टोकाला उभे राहून म्हणाला असता, "वहिनी, बंब बोलावू काय?"

आगीच्या स्टेशनातली जुनी मंडळी आली होती. म्हणाली, भाऊंवर लिहून द्या, आम्ही छापतो. तुमचा जन्म कुठला, नोकरीत कधी लागले, कधी सुटले, ते त्यांच्या दप्तरात आहे म्हणे. असू दे तिथंच. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली बाई. पुढचं वाचणं-लिहिणं संत्र्यांच्या पेट्यांवरचे छाप आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं. मला लेख येत नाही, बोलता येतं. तेव्हा मी तुमच्याशीच बोलते. ज्यांना ऐकायचं त्यांनी बाजूला बसावं.

त्यांच्यासाठी एवढं सांगून ठेवते. तुम्ही माझे धाकटे दीर. आगीच्या स्टेशनात टेलिफोनवर बसायचे. तुमचे दादा, म्हणजे माझे मालक, तिथंच ॲम्ब्युलन्स चालवायचे. तेव्हा आगीची गाडी आणि दवाखान्याची गाडी एकाच अंगणातून निघायच्या, आणि दोन्हींसाठी फोन एकच, तुमच्या टेबलावरचा. आपलं क्वार्टर त्याच अंगणाच्या मागं. घंटेचा एक टोला पडला की पांढरी गाडी, सलग घणघण झाली की लाल. उन्हाळ्यात आम्ही बाया त्या अंगणात कुरड्या वाळत घालायचो. घणघण झाली की आधी आमची धावपळ, मग जवानांची. एकदा लाल गाडी एका बाईच्या कुरड्यांवरून गेली, तर आग विझवून दमून आलेल्या जवानांना तिनं गाडीतून उतरूच दिलं नाही. "आधी माह्या कुरड्या भरून द्या, मंग पाणी प्या."

तुम्ही जेवायला बसले की ताटात भाकरीच्या आधी त्या दिवसाचे कॉल यायचे. कुठं काय पेटलं, कुठं कोण पडलं. दादा मात्र हात धुतले की कामाचं एक अक्षर काढायचे नाहीत. त्यांचं जेवण मुक्याचं आणि तुमचं रेडिओचं. मी मध्ये बसून भाकरी वाढायची.

पहिलं कोडं आखाडातलं. आठवते? बाहेर पाऊस धो धो चाललेला आणि तुम्ही घास हातात धरून विचारात पडलेले.

"वहिनी, एक गोष्ट समजून नाही राहिली. एवढा पाऊस, अन् आगीचे कॉल वाढून राहिले. पावसात आग लागते काहून?"

"लागते कुठं?"

"घरातच. सैपाकघरात. बहुतेक दुपारच्या टायमाले."

"अहो भाऊजी, आखाड तळून राहिले लोक!"

अहो, आखाडात घरोघरी कढई चढते. गुलगुले, गुळाच्या पुऱ्या. सरपण ओलं, म्हणून बाई चुलीत रॉकेल ओतते आणि वर तेलाची कढई. हे कोणत्या पुरुषाच्या लक्षात येणार? तुम्हाला तळलेलं तेवढं माहीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फोनवर आगीचा कॉल घेतला की विचारायचे, कढई आहे काय? मग सांगायचे, पाणी टाकू नका, वरून ताट झाका, गाडी येऊन राहिली. त्या आखाडात तुमचं नाव जवानांनी 'गुलगुले' ठेवलं. ते मला कालच्या पंगतीत कळलं. इतकी वर्षं लपवलं माझ्यापासून!

माझं माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागांचं. झाडाखाली फळांचा ढीग पडला की त्यात काहीच कळत नाही. मोठी इकडं, बारकी तिकडं, डागी वेगळी, अशा पाट्या लावल्या की कोणत्या झाडाला काय झालं ते आपोआप दिसतं. मी तुम्हाला तेच म्हटलं. तुमचे कॉल म्हणजे नुसता ढीग आहे भाऊजी, पाट्या लावा. तुम्ही म्हणाले, पाट्या कुठं लावू, टेबलावर? मी म्हटलं, भिंत आहे नं.

आपल्या सैपाकघराची मागची भिंत चुन्यानं पांढरी केली होती. तिच्यावर मी गेरूनं सगळं नागपूर काढलं. रस्ते दादांनी सांगितले, तेही खड्ड्यांच्या हिशेबानं. "महालातून निघालं की आधी कंबर जाते, मंग चौक येते." नाग नदी निळीनं काढली, रेल्वेची लाइन कोळशानं. आणि मग रोज जेवणानंतर तुम्ही सांगायचे आणि मी करंगळीशेजारच्या बोटानं टिकल्या लावायची. आगीला कुंकू, ॲम्ब्युलन्सला हळद. सवाष्णीला लावतात तशाच.

पलीकडच्या क्वार्टरात नवीन आलेली बाई एकदा विरजण मागायला आली. भिंतीसमोर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, नमस्कार केला आणि हळूच मला विचारते, "कोन्ती देवी वं ही?" मी काही बोलायच्या आत तुम्ही आतून ओरडले, "एक-शून्य-एक देवी! नवसाले पावते, फक्त पत्ता बरोबर सांगा लागते!" दुसऱ्या दिवशी भिंतीखाली जास्वंदीचं फूल.

पण भिंत बोलायला लागली हे खरं. संक्रांतीला महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांवर नुसती हळदच हळद, पतंगाच्या मागं पोरं माडीवरून पडायची. उन्हाळ्यात लाकडाच्या टालांवर आणि कडब्याच्या गंज्यांवर कुंकू. तुम्ही साहेबांना जाऊन सांगायचे, उद्या संक्रांत आहे, एक गाडी महालाच्या तोंडाशी उभी ठेवू काय? साहेब भला माणूस. हो म्हणायचे. आणि तुम्ही घरी येऊन असे चालायचे जसे काही नागपूर तुमच्या सातबाऱ्यावर चढलं.

त्याच नादात तुमचं लग्न राहिलं. हे मी आज छापूनच टाकते. मी सासूबाईंना शब्द दिला होता की तुमचे दोनाचे चार करीन. पारशिवनीकडची किती चांगली मुलगी होती! कांदेपोहे समोर आले, तुम्हाला म्हटलं, मुलीला काही विचारा. तर तुम्ही काय विचारावं? "तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचा फोन कुठं आहे?" मुलीचा बाप माझ्याकडं पाहातो, मी पोह्यांकडं पाहाते. परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहात म्हणता, "वहिनी, त्यांच्या गावात फोन फक्त पोस्टात आहे. अन् पोस्ट पाचले बंद होते." मुलगी कशी दिसत होती ते तुम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. चूक कोणाची होती हा आपला वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात, तेव्हा आज माझीच बाजू छापून येईल. इलाज नाही.

रेल्वे फाटकाच्या पलीकडं एके ठिकाणी टिकल्या वाढू लागल्या. हळद, कुंकू, हळद, हळद. एकावर एक बसून तिथं गोळाच झाला, चुना दिसेना. ते ठिकाण म्हणजे छोटेलाल मिठाईवाल्याचं दुकान. फोनवर तुम्ही विचारायचे, "कुठून बोलता?" आणि तिकडून पत्ता यायचा, छोटेलाल मिठाईवाला, फाटकापाशी. तुम्ही तोच लिहून घ्यायचे, तोच दादांना सांगायचे, तोच मला सांगायचे.

"वहिनी, हे दुकान नाही, होळी आहे होळी! बारा महिने पेटलेली."

"आग समजली. पण एवढे आजारी कसे पडतात तिथं?"

"तुम्हीच सांगा. सैपाकाचं खातं तुमचं."

मी म्हटलं, खवा शिळा असेल. हे मी म्हटलं, मान्य आहे. पण फक्त 'असेल' म्हटलं.

मग मी त्या गोळ्यासाठी बाजूला सात रेघा काढल्या, वारांच्या. कोणत्या वारी किती, ते दिसावं म्हणून. काही महिन्यांत सहा रेघा भरल्या आणि सोमवारची रेघ कोरी. एक टिकली नाही. तुम्ही टाळी वाजवली. "पाहा! सोमवारी उपास राहते. लोक मिठाई खात नाही, म्हणून आजारी नाही पडत. खव्याचंच काम आहे हे!" कसं तंतोतंत जुळलं होतं! खरं सांगते, मलाही पटलं. इतकं सुंदर जुळलं की त्यात काही खोट असेल असं वाटेचना.

तुम्ही साहेबांना घरी घेऊन आले. साहेबांनी चपला काढून भिंत पाहिली. मी चहा ठेवला. ते बराच वेळ त्या गोळ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर भयंकरच आहे. भट्टी बंद करायला लावू. तपासणी होईपर्यंत दुकानच उघडायचं नाही." नोटीस टाइप झाली. नेऊन द्यायचं काम तुम्ही मागून घेतलं. मी म्हटलं, मी पण येते, खवा मी चाखून पाहाते. सायकलरिक्षात बसलो, तुमच्या खिशात ती नोटीस, आणि तुमची मान अशी ताठ की रिक्षावाल्यानं विचारलं, "साहेब, मान आखडली काय?"

फाटक बंद होतं. मालगाडी गेली, मग दुसरी गेली. ऊन असं की रिक्षाच्या दांड्याला हात लावता येईना. पलीकडं गेलो तर दुकान चांगलं झाडलेलं, भट्टी बाहेर मोकळ्यावर, शेजारी वाळूच्या बादल्या भरून ठेवलेल्या. छोटेलाल सेठ घामाघूम होऊन जिलबी सोडत बसले होते. मी संत्रा बर्फी मागितली. चाखली. भाऊजी, तशी बर्फी मी जन्मात खाल्ली नव्हती. मी तुमच्याकडं पाहिलं, तुम्ही भट्टीकडं पाहात होता, डोळे बारीक करून. सेठला वाटलं, हा कोणी इन्स्पेक्टर आहे. लगेच तुमच्यापुढं पेढे.

तेवढ्यात एक बाई अनवाणी धावत आली. तापलेल्या मातीत, अनवाणी.

"सेठ, फोन लावा नं! आमच्या बुढ्याले ऊन लागलं, बोलून नाही राहिला!"

सेठ उठले. कढईत जिलबी तशीच. आत जाऊन फोन उचलला आणि म्हणाले, "हां जी, छोटेलाल मिठाईवाला, फाटक के पास. गाड़ी भेजो जल्दी. बाई इधर दुकान पे खड़ी रहेगी, रास्ता बताएगी."

तुमचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. तो आवाज तुम्ही वर्षानुवर्षं कानात घेतलेला होता. रोज ऐकलेला माणूस पहिल्यांदा समोर उभा, बनियनवर, हाताला जिलबीचं पीठ. तुमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठून बोलता?"

सेठ गर्रकन वळले. "अरे! आप तो फायरवाले बाबूजी!" आणि पिठाच्या हातांनी तुम्हाला मिठीच मारली. तुमच्या इस्त्रीच्या शर्टावर दोन पंजे उमटले. मागं जिलबीचा कोळसा झाला, धूर निघाला, मी ओरडले, "अहो, बंब बोलवा!" आणि मग तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो, ती बिचारी बाई आमच्याकडं पाहात राहिली. लगेच तुम्ही भानावर आले. तिला विचारलं, आजोबा कुठं आहेत? ती म्हणाली, मागच्या वस्तीत, विटाभट्टीच्या अंगाला. मी तिच्यासोबत गेले, म्हाताऱ्याच्या अंगावर ओलं लुगडं टाकलं, पन्हं नव्हतं तर मीठ-साखरेचं पाणी पाजलं. नंतर गाडी आली. दादाच होते गाडीवर. मला तिथं पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "भाकरी झाल्या काय?"

तो म्हातारा वाचला. पण आपण तिथं उभे होतो आणि सगळं लख्ख दिसत होतं. फाटकापलीकडच्या चारही वस्त्यांत मिळून फोन एकच, सेठचा. कोणाची झोपडी पेटो, कोणाचं पोर विहिरीत पडो, कोणाची बाई अडो, धावत यायचं ते इथं. सेठनं कधी कोणाला नाही म्हटलं नाही. आपण काय केलं होतं? चार वस्त्यांचं सगळं दुखणं उचलून त्या एका भल्या माणसाच्या भट्टीवर टाकलं होतं. आणि त्याचं दुकान बंद करायचा कागद तुमच्या खिशात होता. दुकान बंद म्हणजे फोन बंद. मग धावत येणाऱ्या बाईनं जायचं कुठं?

तुम्ही खिशावर हात दाबून उभे होता, जणू ती नोटीस बाहेर उडी मारेल. मग तुम्हाला ते आठवलं. मलाही त्याच क्षणी आठवलं होतं, पण विचारायची हिंमत तुमची.

"सेठ, सोमवारी इकडं कोणी आजारी नाही पडत काय?"

सेठनं झारा खाली ठेवला. "सोमवार को दुकान बंद रहती है, बाबूजी. मैं भाई के यहाँ कामठी जाता हूँ. शटर पे ताला रहता है."

परत येताना पुडक्यातल्या बर्फीला तुम्ही हात लावला नाही. फाटक पुन्हा बंद. गाडी जाईस्तोवर आपण उभे. तुम्ही इतक्या हळू बोलले की इंजिनाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. "म्या उपास समजला, वहिनी." ती कोरी रेघ डोळ्यांपुढून जात नव्हती. कुलूप पाहून परत फिरलेले कोण कोण तिच्यात असतील, ते कधीच कळणार नव्हतं.

घरी येऊन मात्र आपण दोघं दादांवर तुटून पडलो. कारण हा माणूस रोज त्या दुकानापासून वस्तीत गाडी न्यायचा!

"तुम्हाले माहीत होतं सारं! मंग काहून नाही सांगितलं?"

दादा भाकरी मोडत म्हणाले, "मले कोणी इचारलं?"

"अहो, समोर भिंत आहे! त्या दुकानावर टिकल्या लावून राहिलो आम्ही!"

"मले वाटलं तो फोनचा नकाशा आहे."

भाऊजी, माझं म्हणणं आजही तेच आहे. फोनवर प्रश्न तुम्ही विचारायचे, म्हणून चूक तुमची. तुमचं म्हणणं होतं, टिकली मी लावायची, म्हणून चूक माझी. दादांना कोणी विचारत नाही, म्हणून ते सुटले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं, उपासासकट. साहेब आधी हसले. नोटीस त्यांनी मागून घेतली आणि फाडली. म्हणाले, "आता सोमवारचं सांगा." तुम्ही सेठकडं पुन्हा गेले, या वेळी कळकट शर्ट घालून. सेठनं गवंडी बोलावून दुकानाच्या बाजूच्या भिंतीला खिडकी पाडली, आत लाकडी पेटीत फोन ठेवला, आणि किल्ली शेजारच्या सायकलवाल्याकडं दिली, कारण तो दुकानामागंच राहायचा. उन्हाळ्यातल्या दुपारी एक पांढरी गाडी फाटकापलीकडं, सेठच्या लिंबाखाली उभी राहू लागली. तिथं ड्युटी लागली की दादा स्वतःहून लवकर निघायचे. जिलबीचं मला नंतर कळलं.

आणि तुम्ही प्रश्न बदलला. "कुठून बोलता?" सोडलं आणि "कुठं यायचं?" धरलं. टेलिफोनच्या वर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, तुमच्या नंतरच्या पाळीवाल्यांसाठी. त्यांनी आधी तुमची टर उडवली. मग तेही तसंच विचारू लागले.

मी सैपाकघराची भिंत पुन्हा चुन्यानं सारवली आणि नागपूर नव्यानं काढलं. आता दादांना रोज विचारून. तो गोळा फुटला, टिकल्या चार वस्त्यांमध्ये पांगल्या. एकीत हळद जास्त, तिथं पाणी वाईट होतं. एकीत कुंकू, तिथं सगळे गवताचे छप्पर. कुठं काय पाहिजे ते दिसू लागलं.

पहिला सोमवार कोराच गेला. तुम्ही दिवसभर फोनकडं डोळे लावून बसले होता म्हणे. पुढच्या सोमवारी दुपारी पाळी संपवून तुम्ही घरात शिरले ते गातच. बेसूर. हात न धुता हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि सोमवारच्या रेघेवर एवढी मोठी टिकली लावली की ओघळ खालच्या नदीपर्यंत गेला.

"आली वहिनी, सोमवारची आली! बाई अडली होती. पोहोचली टायमात. पोरगी झाली!"

मी म्हटलं, "अहो, कोणाचा जीव टांगणीला लागला होता अन् तुम्ही नाचून राहिले?"

"जीव तं आधी बी टांगणीलेच होता. आपल्याले ठाऊक नव्हतं."

तिथून आपला दुसरा वाद सुरू झाला, आणि तो मात्र खरा. मी म्हणायची, मला अशी भिंत पाहिजे की एक दिवस तिच्यावर एकही टिकली नाही लागली. कोणाला काही झालं नाही, सगळं गाव सुखरूप. तुम्ही म्हणायचे, कोऱ्या भिंतीची मले भीती वाटते. टिकली म्हणजे कोणीतरी हाक मारली अन् कोणीतरी आयकली. मी म्हणायची, दुखणं वाढल्याचा आनंद कसला? तुम्ही म्हणायचे, हाका वाढल्या, दुखणं नाही. आपण क्वार्टर सोडून प्रतापनगरात घर बांधलं, भिंत मागं राहिली, तिच्यावर कोणीतरी ऑइलपेंट मारला, पण हा वाद आपल्या सामानात आला. चहाच्या वेळी निघायचा. तुम्ही रिटायर झाले तरी पेपरातली आगीची बातमी वाचून म्हणायचे, "पत्ता अर्धाच दिला पाहा यानं."

आणि मग त्या दिवशी सकाळी तुम्ही पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, छातीत काहीतरी होऊन राहिलं." दादा तुमच्यापाशी बसले. आपल्या घरी फोन यायचाच होता अजून, नंबर लावलेला. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. या गुडघ्यांनी कशी गेले मला माहीत नाही. फोनचं चक्र फिरवलं. तिकडून एक कोवळा आवाज आला. मला वाटलं आता हा विचारेल, कुठून बोलता.

त्यानं विचारलं, "कुठं यायचं?"

भाऊजी, मी दुकानाच्या गल्ल्यापाशी उभी राहून हसले की रडले ते तो दुकानदारच सांगू शकेल. त्या पोराला माहीतही नसेल हा प्रश्न कोणाचा. त्याच्या आधीच्यानं शिकवला असेल, त्याला त्याच्या आधीच्यानं. मी सांगितलं, अगदी तुम्ही शिकवलं तसं: कोणता रस्ता, कोणतं वळण, कोणतं फाटक, आणि कोण बाहेर उभं राहील. गाडी आली. स्ट्रेचरवरून तुम्ही विचारता काय, "फोन कुठून लावला?" मी म्हटलं, किराण्यातून. तर मास्कच्या आतून, "ते दुकान सोमवारी बंद राहते वहिनी. ध्यानात ठेवजा."

दवाखान्यात तुम्ही थोडे दिवस राहिले, आणि ते दिवस आम्हाला मिळाले. तुम्ही नर्सबाईंना कॉलबेल कुठं लावायला पाहिजे ते समजावून सांगितलं, माझ्याकडून चोरून जिलबी मागवली, दादांच्या हातात हात ठेवून झोपले. ती गाडी वेळेवर आली नसती तर हे काही झालं नसतं. म्हणून दुसऱ्या वादात मी आज हार मानते. हाक मारता येणं आणि कोणीतरी येणं, हे कमी नाही. पहिल्या वादात मात्र चूक तुमचीच.

आणखी एक. तुम्ही गेल्यापासून दादा गप्पच होते. नेहमीसारखेच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काल सगळे पाहुणे गेल्यावर ते ओट्यावर बसले होते. मला एकदम ती भिंत आठवली आणि मी जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटून राहिलं हो तुम्हाले?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "कोणी इचारलंच नाही." आणि मग बोलायला लागले. तुम्ही लहानपणी नदीत कसे बुडत होता, त्यांनी केस धरून कसं काढलं, तुमच्या पहिल्या पगाराचा त्यांना शर्ट, सगळं. दिवेलागणीपर्यंत बोलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा वेळ ऐकला नव्हता.

आज सकाळी मी इथल्या सैपाकघराच्या भिंतीवर एक टिकली लावली. हळदीची. नकाशा नाही, रेघा नाहीत, नुसती टिकली. सूनबाई म्हणाली, आई, रंग नवीन आहे. मी म्हटलं, राहू दे.

आता तुम्ही जिथं कुठं असाल, तिथं सासूबाई भेटल्या असतील. दोनाचे चार राहिले म्हणून माझ्यावर रागावू नका म्हणावं, मुलगी पाहायला तुम्ही कसे गेला होता ते सांगा. आणि तिथलं सगळं पाहून ठेवा भाऊजी. रस्ता कोणता, वळण कोणतं, बाहेर कोण उभं राहील. कधीतरी मी विचारीन, कुठं यायचं? तेव्हा घराचा पत्ता सांगा, मिठाईच्या दुकानाचा नको.

पण घाई करू नका. मला अजून कुरड्या घालायच्या आहेत, आणि दादांचं बोलणं संपलेलं नाही.

तुमची,
वहिनी